तुमचे प्रश्न: मूल घरी येण्याआधी आणि आल्यावर

मागच्या अंकात म्हटलं होतं की दत्तक आणि फॉस्टर केअर (म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळापुरतं आपल्या घरी सांभाळणं) याबद्दल काहीही विचारा, आणि खरंच भरभरून विचारलंत, त्यातले काही प्रश्न आज घेतेय. नावं सगळ्यांची काढून टाकली आहेत. एक आधीच सांगते, वयाची अट किती, कागद कोणते, प्रतीक्षा किती हे सगळं जागोजागी वेगळं असतं आणि बदलतही असतं, ते अधिकृत यंत्रणेकडूनच घ्या. आणि ओळखीतून, डॉक्टरांमार्फत, "एक बाळ आहे, घेता का" असं कुणी परस्पर सुचवलं तर तिथून सरळ उठून या. मी इथे मुलाबद्दल आणि तुमच्याबद्दल बोलणार आहे.

प्रश्न: ताई, मूल व्हावं म्हणून बरीच वर्षं ट्रीटमेंट केली, आता थकलो आणि दत्तक घ्यायचं ठरवलंय. पण होम स्टडीची, म्हणजे दत्तक देण्याआधी सोशल वर्कर घरी येऊन चौकशी करतात त्याची, खूप धास्ती वाटते. घर लहान आहे, तेही भाड्याचं. सोशल वर्कर नक्की काय बघतात, काय विचारतात?

उत्तर: घराच्या साइजची धास्ती आधी काढून टाका. मुलाला झोपायला स्वतःची जागा आहे का, खिडक्या आणि गॅलरी सेफ आहेत का, दरमहा पैसे येतात का, तुमची तब्येत बरी आहे का, एवढं बघितलं की घराचा विषय जवळपास संपतो. बाकी सगळा वेळ गप्पांचा असतो आणि त्या गप्पा जरा खोलात जातात. तुमचं लहानपण कसं गेलं, चुकलात की घरी काय व्हायचं, मार बसायचा का, तुम्ही दोघं भांडता तेव्हा आधी कोण बोलतं, पैशाचं कोण बघतं, तुम्हाला काही झालं तर मुलाकडे कोण बघणार. दोघांना वेगवेगळं बसवूनही बोलतात, कारण कधीकधी एकाला मूल हवं असतं आणि दुसरा नुसता हो ला हो करत असतो, ते एकटं बोलताना लगेच कळतं. घोकून उत्तरं देऊ नका. "आमच्यात कधीच भांडण होत नाही" हे ऐकलं की मला उलट काळजी वाटते.

आणि मूल न झाल्याच्या दुःखाबद्दल विचारतील. ते संपलंय का असं कुणी विचारत नाही, ते पूर्ण संपत नसतंच, पण त्याबद्दल तुम्ही एकमेकांशी बोलू शकता का हे बघतात. ट्रीटमेंटची फाइल अजून उघडी असेल, इकडे अर्ज आणि तिकडे ट्रीटमेंटची पुढची फेरी असं चालू असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की थांबा. येणाऱ्या मुलाला कुणाच्या तरी जागी यायला लावू नका, त्याचं ओझं त्याला कळतं.

संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आहे, त्याच्या २१व्या कलमात दत्तकाच्या बाबतीत मुलाचं हित सगळ्यात वर ठेवा असं लिहिलंय. म्हणजे ही सगळी खटपट एका मुलासाठी घर शोधायची आहे हे डोक्यात ठेवलं की प्रश्नांचा राग येत नाही.

मुलाची फाइल हातात येईल तेव्हा फोटोत हरवून जाल, सगळेच जातात, पण त्याच दिवशी हे विचारा: जन्माचं वजन किती, डोक्याचा घेर कसा वाढत गेला, कान आणि डोळे तपासलेत का, लसी कुठल्या झाल्या, आत्तापर्यंत किती ठिकाणं बदलली, रोज सांभाळणारी व्यक्ती कोण, झोपवतात कसं, रडलं की शांत कशाने होतं. फाइल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उत्तर नाही मिळालं तर "माहीत नाही" असं लिहून घ्या, तीही माहितीच आहे.

प्रश्न: मला फॉस्टर पालक व्हायची फार इच्छा आहे. नवरा म्हणतो जीव लावायचा आणि मग परत द्यायचं, हे आपल्याला झेपणार नाही आणि त्या मुलालाही त्रासच. त्याचं चुकतंय का?

उत्तर: नाही चुकत. त्रास होणार, तुम्हाला आणि मुलालाही. फक्त त्यावरून त्याने जो निष्कर्ष काढलाय तो मला पटत नाही.

दत्तक म्हणजे मूल कायमचं आणि कायद्याने तुमचं. फॉस्टरमध्ये ते काही काळासाठी तुमच्याकडे असतं, कायद्याने त्याचे आईवडील बहुतेक वेळा तेच राहतात, आणि शक्य असेल तर त्याने त्यांच्याकडे किंवा मावशी-आजी अशा नात्यातल्या कुणाकडे परत जावं यासाठी सगळे काम करत असतात. तुम्हीही. हे मनापासून मान्य नसेल, आत कुठेतरी "राहीलच शेवटी आपल्याकडे" असं असेल, तर सरळ दत्तकासाठीच अर्ज करा, त्यात काही वाईट नाही.

आता जीव लावण्याचं. रोमेनियात बुखारेस्टमध्ये २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांचा. अनाथाश्रमासारख्या संस्थांमधली १३६ मुलं, ६ ते ३१ महिन्यांची, त्यातली निम्मी चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून फॉस्टर घरांत ठेवली. (बाकीच्यांना संस्थेतच ठेवलं यावर बरीच टीका झाली, मलाही ते वाचताना अस्वस्थ होतं, पण त्यांना नंतर घर मिळालं तर कुणी अडवत नव्हतं.) घरी गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जोडलं जाणं, सगळ्यात फरक पडला आणि साधारण दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांमध्ये काही बाबतींत जास्त. म्हणजे एका माणसाचं होऊन राहायला मूल त्या घरात शिकतं, आणि एकदा शिकलं की पुढच्या घरीही ते त्याला जमू शकतं. कुणीच जीव लावला नाही तर शिकणार कुठे? म्हणून हातचं राखून प्रेम करा असा सल्ला मी देत नाही.

निरोप मात्र नीट करा. पुढची माणसं आधी तुमच्या घरी येऊन जाऊ देत, मुलाची झोपायची, आंघोळीची पद्धत लिहून द्या, फोटोंचा अल्बम द्या, आणि त्याच्यासमोर तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, आपण जातोय याचं कुणालातरी वाईट वाटतंय हे त्याला दिसलं पाहिजे. आईवडिलांना भेटून आलं की दोन दिवस चिडचिड, गादी ओली होणं असं काहीबाही होतं, तेव्हा त्यांच्याबद्दल एकही वाकडा शब्द नको. तुमची स्वतःची मुलं असतील तर त्यांनाही आधी विचारा, निरोप त्यांनाही द्यायचा असतो.

प्रश्न: मी एकटी आहे, लग्न करायचं नाही, मूल दत्तक घ्यायचंय. लोक म्हणतात वडिलांशिवाय कसं होणार?

उत्तर: छान होतं. बऱ्याच ठिकाणी एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येतं, तुमच्याकडचा नियम बघून घ्या. लोकांचं सोडा, मला दुसरीच गोष्ट विचारायची आहे: रात्री मूल तापाने फणफणलंय आणि तुम्हीही आजारी आहात, कुणाला फोन कराल? दोन नावं डोळे मिटून आली पाहिजेत, आणि त्या दोघांना हे आधीपासून माहीत पाहिजे. नावं नसतील तर अर्जाआधी त्यावर काम करा.

प्रश्न: आमची मुलगी चार वर्षांची, संस्थेतून घरी येऊन दोनेक महिने झाले. पहिल्या दिवसापासून आई-बाबा म्हणते, येईल त्या पाहुण्याच्या मांडीवर बसते, मिठी मारते. सगळे म्हणतात किती गोड, किती पटकन रुळली. पण परवा बागेत एका अनोळखी बाईंचा हात धरून चालायला लागली, मागे वळूनही बघितलं नाही. पडली, गुडघा फुटला तरी रडत नाही. आम्ही उगाच काळजी करतोय का?

उत्तर: उगाच नाही. घाबरू नका पण लक्ष द्या, आणि "किती पटकन रुळली" हे वाक्य मनातून काढून टाका, कारण ती अजून रुळलेली नाही.

असं बघा, संस्थेत कितीही चांगली माणसं असली तरी ड्यूटी बदलते, सकाळी एक मावशी, रात्री दुसरी, कुणी नोकरी सोडून जातं, आणि मुलं खूप असतात. जी हसते, जवळ जाते, तिच्याकडे दोन मिनिटं लक्ष जातं, हे तुमच्या मुलीने फार लहानपणी ओळखलंय. तिच्यासाठी सगळी मोठी माणसं सारखीच आहेत, तुम्ही दोघंही त्यातलेच. आई-बाबा हे शब्द तिला कुणीतरी शिकवून पाठवलेत, त्यांचा अर्थ अजून भरायचाय. आणि गुडघा फुटल्यावर न रडणं हा धीटपणा नाही हो. रडून कुणी येत नाही असा अनुभव असला की मूल रडणं सोडून देतं. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या रिपोर्टमध्ये हेच मांडलं होतं, की लहान मुलाला एका ठरावीक माणसाचा उबदार आणि अखंड सहवास लागतो, नुसतं खाणं-पिणं आणि स्वच्छता पुरत नाही.

मग काय करायचं. पुढचे काही महिने भरवणं, आंघोळ, कपडे, झोपवणं, लागलं-खुपलं बघणं हे फक्त तुम्ही दोघांनीच करायचं. आजीने नाही, आत्याने नाही, कितीही प्रेमाने आल्या तरी. पाहुण्यांनी हसावं, लांबून हात करावा, खेळायला बसावं, पण उचलून घेणं आणि खाऊ देणं तुमच्यामार्फत. नातेवाईक दुखावतील, त्यांना सरळ सांगा की आई-बाबा म्हणजे काय हे ती आत्ता शिकतेय, थोडे दिवस आम्हाला मदत करा. ती कुणाच्या मांडीवर चढायला लागली तर ओरडू नका, हसत जाऊन उचलून घ्या, "चल, माझ्याजवळ ये".

पडली की तुम्ही जा. ती "काही नाही झालं" म्हणेल, तरी खाली बसा, गुडघा हातात घ्या, फुंकर घाला, म्हणा की लागलंय, दुखत असेल, मी आहे. दर वेळी. सुरुवातीला ती तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल, कारण हे सगळं कशासाठी चाललंय हे तिला कळत नसतं.

शिक्षा म्हणून खोलीत एकटं ठेवू नका, तिला शांत व्हायचं असेल तेव्हा तुम्ही त्याच खोलीत बसा. बाटलीने दूध मागितलं, बाळासारखं कडेवर घ्या म्हणाली तर घ्या, राहून गेलेलं बाळपण ती मागतेय. संस्थेतून येताना जो फ्रॉक, जी चादर आली असेल ती धुऊ नका आणि टाकून तर मुळीच देऊ नका, त्या वासाची तिला ओळख आहे. आणि एक दिवस असा येईल की तुम्ही दाराबाहेर पडलात की ती जमिनीवर लोळून आकांत करेल, घरचे म्हणतील लाडावली, बिघडली. तेव्हा मला आठवा आणि आनंद माना.

हे सगळं केलं की शंभर टक्के ठीक होईल असं मात्र सांगत नाही. रोमेनियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांना मायकेल रटर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं होईपर्यंत बघितलं. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून सुटलेली मुलं बहुतेक इतर मुलांसारखीच वाढली, जास्त काळ राहिलेल्यांत अडचणी जास्त टिकल्या, त्यात हे कुणाहीबरोबर जाणंसुद्धा होतं. पण त्या दुसऱ्या गटातल्याही सुमारे पाचव्या हिश्शाच्या मुलांना एकदाही मोठी अडचण आली नाही. म्हणून सहा-आठ महिने हे मनापासून करा, काहीच हललं नाही तर संस्थेतून आलेल्या मुलांचा अनुभव असलेल्या बालमानसतज्ज्ञांकडे जा. जबरदस्तीने घट्ट धरून ठेवायचं, डोळ्यात बघायला लावायचं असल्या "थेरपी" कुणी सुचवल्या तर अजिबात नको, त्यात मुलांना इजा झालेली आहे. आणि तोवर बागेत हात सोडू नका.

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा, तीन महिन्यांचा असताना घरी आला. दत्तक आहे हे कधी सांगावं? सासूबाई म्हणतात इतक्यात कशाला, अठरा पूर्ण झाले की सांगू.

उत्तर: आज. त्याला कळत नाही तोवरच सुरू करायचं, म्हणजे "कळलं तो दिवस" असा दिवसच त्याच्या आयुष्यात येत नाही. मांडीवर घेऊन, आंघोळ घालताना, "तू दुसऱ्या एका बाईंच्या पोटातून जन्मलास, मग आम्ही तुला घरी आणायला आलो, त्या दिवशी बाबांनी शर्ट उलटा घातला होता", असं तुमचं जे खरं असेल ते. त्यात सरावाचा भाग तुमचाच जास्त आहे, सुरुवातीला आपलाच आवाज कापतो.

डेव्हिड ब्रॉडझिन्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना दत्तक म्हणजे काय ते कसं कळत जातं यावर खूप काम केलंय. तीन-चार वर्षांचं मूल "मी दत्तक आहे" आनंदाने सांगत फिरतं, त्याला ती एक गोष्ट वाटते. सहा-सात वर्षांच्या आसपास गोष्टीची दुसरी बाजू लक्षात येते, की मी इथे यायचं तर आधी कुणीतरी मला सोडलं असणार. तेव्हा मूल गप्प होतं, चिडतं, "माझी खरी आई कुठे आहे" विचारतं. ते ऐकून कोसळू नका, तुमचं काही कमी पडलेलं नाही, तो हिशोब त्याला मांडावाच लागतो.

उत्तर देताना जपायचं ते असं. "ती वाईट होती" कधीच नाही. "तिचं तुझ्यावर प्रेम होतं म्हणून दिलं" हेही नको, कारण मग प्रेम करणारी माणसं देऊन टाकतात असा अर्थ त्याने काढला तर? तुम्हीही प्रेम करताच की. मी सुचवते ते वाक्य: "तेव्हा तिला कुठलंच बाळ सांभाळता येण्यासारखं नव्हतं." कुठलंच, म्हणजे तुझ्यात काही खोट नव्हती. पुढचं माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, गोष्ट रचू नका. बालहक्क कराराच्या सातव्या कलमात मुलाला शक्य असेल तिथवर आपले आईवडील कोण हे जाणून घ्यायचा हक्क आहे, तेव्हा संस्थेचा प्रत्येक कागद, फोटो, मनगटावरची पट्टी असेल तर तीही, सगळं एका फाइलमध्ये जपून ठेवा.

सासूबाईंना एवढंच विचारा, हे आत्ता घरात किती जणांना माहीत आहे? सगळ्या नातेवाइकांना माहीत आणि फक्त त्यालाच माहीत नाही, असं अठरा वर्षं टिकेल का? कुणीतरी चुलत भावंडं भांडणात बोलून जातं. मग त्याला दोन धक्के बसतात, आणि आपल्याच माणसांनी इतकी वर्षं लपवलं याचा धक्का मला तरी नेहमी जास्त खोल गेलेला दिसलाय.

प्रश्न: कुणालाच सांगता येत नाही म्हणून लिहितेय. इतकी वाट बघून मुलगी घरी आणली, सहा महिन्यांची आहे, गोड आहे. सगळं करते तिचं, पण आतून काहीच वाटत नाही. कुणाचंतरी बाळ सांभाळल्यासारखं वाटतं. रात्री बाथरूममध्ये जाऊन रडते. मी आई व्हायच्या लायकीची नाही का?

उत्तर: तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही रात्री उठताय, दूध देताय, डायपर बदलताय, काही न वाटता हे सगळं करताय. बाळाला तुमच्या मनातलं दिसत नाही, त्याला हात दिसतात, ते वेळेवर येतात हे दिसतं. त्यातून तिचं तुमच्याशी नातं सुरू झालेलं आहे. तुमचं जरा मागून येईल, बऱ्याच जणींचं येतं, पोटच्या बाळाच्या बाबतीतही येतं.

पण रोजचं रडणं हा वेगळा विषय आहे. दत्तकानंतरही आईला, आणि बाबालासुद्धा, डिप्रेशन येतं, त्याला बाळंतपण लागत नाही. झोपेचा खेळखंडोबा, वर्षानुवर्षं ताणलेली वाट, आणि वर सगळे सांगतायत की आता तर तू खूश असशील. ट्रीटमेंटमधलं साठलेलं दुःख बरेचदा मूल घरी आल्यावरच वर येतं. डॉक्टरांना भेटा, या आठवड्यात, आणि पत्रात लिहिलंय तसंच सांगा, वाटल्यास हे पानच दाखवा. बाळाला किंवा स्वतःला काही करावं असा विचार एकदा जरी आला तर मात्र त्याच दिवशी जा, बाळाला विश्वासातल्या माणसाकडे देऊन.

पाहुणे थोडे दिवस बंद करा. रात्रीची एक पाळी नवऱ्याने उचलायची. आणि दिवसात एकच गोष्ट अशी शोधा जी तिच्याबरोबर करताना तुम्हाला बरं वाटतं, तिला पोटावर घेऊन नुसतं पडणं असेल, गाणं लावून फिरणं असेल, तेवढंच करा, बाकी कर्तव्य म्हणून झालं तरी चालेल. फॉलोअपला येणाऱ्या सोशल वर्करपासून लपवू नका. मुलीला घेऊन जातील अशी भीती वाटते हे मला माहीत आहे, पण त्या व्हिजिट यासाठीच असतात, आणि मदत मागणारी आई दिसली की माझ्यासारख्यांना हायसं वाटतं. मला पुढच्या महिन्यात परत लिहा.

प्रश्न: शाळेने "माझा जन्माचा फोटो आणा" असा प्रोजेक्ट दिलाय. मुलगी तीन वर्षांची असताना आली, त्याआधीचा एकही फोटो नाही. काय करू?

उत्तर: बाईंना आजच भेटा आणि "जन्माचा" ऐवजी "लहानपणीचा कुठलाही" असं सगळ्याच वर्गाला सांगायला लावा, एकट्या तुमच्या मुलीसाठी सूट मागू नका, तिला वेगळं पडायला नको. तिची कहाणी बाईंना सगळी सांगायची गरज नाही, ती तिची आहे. घरी आली त्या दिवसाचा फोटो असेल तर तो न्यायचा का हे तिला विचारा, आणि नको म्हणाली तर दुसरा शोधा. संस्थेला एकदा लिहून बघा, जुन्या ग्रुप फोटोंमध्ये, वाढदिवसाच्या फोटोंमध्ये कधीकधी एखादं मूल कोपऱ्यात सापडतं.